पावणेतीनची जाग

पत्राचा सारांश: लिहिणाऱ्या मैत्रिणीचं वय ३६, काम बैठं. नऊ आठवड्यांपूर्वी तिने ९० दिवसांचा व्यायाम आणि डाएटचा कार्यक्रम सुरू केला. आठवड्यातले सहा दिवस पहाटे जिम, त्यातले तीन दिवस संध्याकाळी पुन्हा ४० मिनिटं पळणं. रोजचं खाणं १,२०० कॅलरींचं, कर्बोदकं नावापुरती, संध्याकाळी सहानंतर पाण्याशिवाय काही नाही. वजन ७१ वरून ६४ किलोवर आलं आहे. त्यातलं चरबी वगळून ४५ किलो, असं जिममधलं यंत्र सांगतं. पाचव्या आठवड्यापासून रात्री पावणेतीनच्या सुमारास टक्क जाग येते आणि पावणेपाचच्या गजरापर्यंत डोळा लागत नाही. मनगटावरचं घड्याळ रोज सकाळी झोपेचे वाईट गुण दाखवतं. दोन आठवड्यांपासून वजनाचा काटाही हललेला नाही, म्हणून संध्याकाळचं पळणं चार दिवस करावं असा विचार चालू आहे. ट्रेनर म्हणतात, शरीराला सवय होईल. घरचे म्हणतात, सोडून दे हे सगळं. तिचा प्रश्न असा: मेलाटोनिन घेऊ की मॅग्नेशियम? आणि व्यायाम केला की गाढ झोप लागते म्हणतात, मग मलाच का लागत नाही?

तुमचं पत्र पहिल्यांदा वाचलं तेव्हा मीही गोळीच्या प्रश्नामागेच गेले. दुसऱ्यांदा वाचताना मात्र दोन वाक्यांवर अडखळले. दोन्ही तुम्ही जाता जाता लिहिलेली आहेत. एक असं, की रात्री जाग आली की तुम्ही मोबाइलवर स्वयंपाकाचे व्हिडिओ बघत पडता, 'एरवी मला स्वयंपाकात काडीचा रस नाही.' दुसरं तुम्ही कंसात टाकलंय: पाळी पाच आठवडे पुढे गेलीये, पण तो व्यायामाचा परिणाम असणार. तुम्ही झोपेबद्दल विचारलंत, पण मला ही दोन वाक्यं जास्त बोलकी वाटली. त्यामुळे सुरुवात तिथूनच करते.

पाळीचं सगळ्यात आधी. याच आठवड्यात डॉक्टरांकडे जा. जाण्याआधी घरीच गर्भधारणेची चाचणी करा, कारण पाळी चुकल्यावर पहिली शक्यता तीच तपासायची असते. थायरॉइड बिघडला तरी पाळी आणि झोप दोन्ही विस्कटू शकतात, त्यामुळे डॉक्टर ती तपासणीही सांगतील. हे सगळं ठीक निघालं, तर मग 'व्यायामाचा परिणाम' हे तुमचं निदान बरोबर असू शकतं. पण तुम्ही ते ज्या निश्चिंतपणे लिहिलंय, ती निश्चिंती मला मान्य नाही. शरीराला मिळणारी ऊर्जा कमी पडायला लागली की मेंदू आधी त्या कामांना कात्री लावतो ज्यांच्याविना आजचा दिवस निभतो, आणि पाळी त्या यादीत फार वर असते. ती थांबते तेव्हा इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरकही खाली आलेलं असतं, आणि हे बरेच महिने चाललं तर हाडं ठिसूळ होऊ लागतात. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या तज्ज्ञांनी २०१४ मध्ये या अवस्थेला नाव दिलं, 'रेड-एस': खर्चाच्या मानाने ऊर्जा अपुरी पडल्यामुळे पाळी, हाडं, प्रतिकारशक्ती, मन अशा सगळ्यांवर होणारा परिणाम. खेळाडूंच्या संदर्भात आलेलं नाव असलं तरी ऑफिसात खुर्चीवर बसून सकाळ-संध्याकाळ घाम गाळणाऱ्यांनाही ते लागू पडतं. पुरुषांनाही होतं. त्यांच्यात पाळीसारखी खूण नसते, म्हणून उशिरा लक्षात येतं.

तुम्ही आकडे इतके नेमके दिलेत की हिशेब मांडता येतो. १,२०० कॅलरी पोटात जातात. व्यायामात रोज सरासरी ४०० जळतात असं धरू. उरल्या ८००. तुमचं चरबीविरहित वजन ४५ किलो, म्हणजे दर किलोमागे साधारण १८ कॅलरी. हृदय, मेंदू, यकृत, पचन, शरीराची ऊब, दिवसभराचं चालणं-बोलणं, सगळं त्यात भागवायचं. क्रीडावैद्यकात हा आकडा साधारण ४५ च्या आसपास असेल तर निवांत समजतात आणि ३० च्या खाली गेला तर काळजीचा. ३० ही काही दगडावरची रेघ नाही, माणसागणिक ती थोडी मागेपुढे होते. पण तुम्ही रेघेच्या आसपासही नाही, फार खाली आहात, आणि ते नऊ आठवडे.

आता ते व्हिडिओ. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात अ‍ॅन्सेल कीज यांनी एक प्रयोग केला. उपासमारीतून वाचलेल्या लोकांना पुन्हा कसं उभं करायचं, हे समजून घेण्यासाठी ३६ निरोगी तरुण स्वेच्छेने त्यात उतरले. १९४५ मध्ये २४ आठवडे त्यांना दिवसाला साधारण १,५७० कॅलरी मिळत होत्या आणि आठवड्याला २२ मैल चालायचं होतं. ती माणसं चिडचिडी झाली, सतत कुडकुडू लागली, आणि त्यांच्या डोक्यात दिवसरात्र अन्न घोळायला लागलं. त्यांच्यातले काही चक्क पाककृतींची पुस्तकं जमवून वाचत बसायचे. तुम्ही तशी उपासमार करून घेताय असं मी म्हणत नाही. ते पुरुष होते, त्यांची शरीरं मोठी होती, अवधी लांब होता. पण रात्री तीन वाजता, स्वयंपाकाची आवड नसलेली एक बाई अंधारात दुसऱ्यांना भाजताना-परतताना बघत पडते, तेव्हा तिला काय हवंय हे ओळखायला घड्याळातले गुण लागत नाहीत. तुम्ही भुकेल्या आहात. 'मला भूक लागत नाही आता, सवय झालीये,' असंही तुम्ही लिहिलंय. पोट दाद मागून मागून गप्प बसतं, हे खरं आहे. मेंदू बसत नाही.

भूक आणि जाग यांचा संबंध शरीरात फार खोलवर आहे. १९९८ मध्ये मेंदूतला एक संदेशवाहक सापडला, ओरेक्सिन. भूक या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्याचं नाव ठेवलं. पुढे लक्षात आलं की जागं राहण्याचा खांबही तोच आहे. ज्यांच्या मेंदूत तो जवळजवळ नाहीसा होतो त्यांना नार्कोलेप्सी होते, दिवसाढवळ्या झोपेचे झटके येतात. रक्तातली साखर खाली आली, उपाशीपणाचं घ्रेलिन वाढलं, चरबीच्या साठ्याची खबर देणारं लेप्टिन घटलं, की ओरेक्सिन तयार करणाऱ्या पेशी जास्त जोमाने काम करतात. भुकेल्या प्राण्याने झोपून राहणं निसर्गाला परवडणारं नव्हतं, त्याने उठून अन्न शोधायला हवं. तुमच्या शरीराला ९० दिवसांचा कार्यक्रम ठाऊक नाही. त्याच्या लेखी सध्या दुष्काळ पडलाय, आणि दुष्काळात रोज पहाटे कुणीतरी त्याला पळायला लावतंय.

मग जाग पावणेतीनलाच का? रात्रीच्या पहिल्या चार-पाच तासांत गाढ झोपेचा मोठा वाटा पुरा होतो. दिवसभर जागून मेंदूत जो झोपेचा दाब साचतो तो तोवर बराच ओसरलेला असतो, त्यामुळे उत्तररात्रीची झोप मुळातच पातळ. त्याच सुमारास कॉर्टिसोल हे संप्रेरक सकाळच्या तयारीसाठी हळूहळू चढायला लागतं. आता यात तुमची भर बघा. शेवटचा घास सहाला, म्हणजे पावणेतीनपर्यंत जवळपास नऊ तासांचा उपास. रात्रभर रक्तातली साखर सांभाळायचं काम यकृतातल्या साखरेच्या साठ्याचं, आणि भरपूर व्यायाम अन् अगदी कमी कर्बोदकं यामुळे तो साठा आधीच तळाला. मग शरीर कॉर्टिसोल, अ‍ॅड्रेनलिनसारखी संप्रेरकं वापरून साखर तयार करतं. तीच संप्रेरकं जागंही करतात. 'छातीत धडधडत उठते, पण कसलीच काळजी नसते' हे तुम्ही लिहिलंय, त्याचा अर्थ बहुधा हाच. तुमच्या मनात काही दडलेलं आहे का, हे मी विचारणारच नाहीये. काही लोक विचारतील, आणि तुम्ही रात्री तीनला स्वतःच्या आयुष्यात खोट शोधत बसाल.

यात कॅफिनही आहे. पहाटे व्यायामाआधीची पूड, अकराची कॉफी, आणि पळायच्या दिवशी साडेचारला फॅट बर्नरची कॅप्सूल अन् आणखी एक कॉफी. कॅप्सूलच्या लेबलवर बघा, बहुतेक वेळा तिच्यात कॅफिन असतंच, कधी ग्रीन टीच्या अर्काच्या नावाखाली. शरीरातलं निम्मं कॅफिन जायला साधारण पाच तास लागतात, काहींना जास्त. साडेचारला २०० मिलिग्रॅम गेलं असेल तर साडेनऊला १०० उरतं आणि रात्री अडीचला ५०. हा जवळपास अर्धा कप कॉफीचा ऐवज झाला, तोही झोप सर्वांत पातळ असते त्या वेळी. २०१३ च्या एका प्रयोगात झोपायच्या सहा तास आधी घेतलेल्या ४०० मिलिग्रॅम कॅफिनने झोप तासाभराहून जास्त घटवली होती, आणि भाग घेतलेल्यांना स्वतःला ती घट तितकीशी जाणवली नव्हती. कॅप्सूल आजच बंद करा. कॉफी अकरानंतर नको. सकाळची पूडही हळूहळू कमी करा, एकदम बंद केलीत तर दोन-तीन दिवस डोकं धरेल.

आता तुमच्या दोन गृहीतकांकडे येते. व्यायामाने गाढ झोप लागते, हे खरं आहे. चालणारे, पळणारे, वजनं उचलणारे बहुतेक लोक न हलणाऱ्यांपेक्षा चांगले झोपतात. पण ते खरं आहे ते सावरता येईल इतक्या व्यायामाबद्दल. श्रमाचा ताण आणि त्यातून सावरणं यांचं गणित बिघडलं की हाच व्यायाम झोप मोडतो. जास्त सराव लादून थकलेल्या खेळाडूंमध्ये झोप न लागणं ही ओळखीची तक्रार आहे. 'मलाच का नाही' याचं उत्तर तुमच्यात कुठला दोष आहे असं मुळीच नाही. पहिल्या चार आठवड्यांत तुम्ही उत्तम झोपत होता, हे तुम्हीच लिहिलंय. तेच शरीर आहे.

दुसरं गृहीतक ट्रेनरचं, की सवय होईल. कशाची? पाच आठवडे रोज रात्री दोन तास गमावण्याची सवय होत नाही. थकव्याची जाणीव तेवढी बोथट होते. आणि मजा अशी... नाही, मजेची गोष्ट नाही ही. ज्या कारणासाठी तुम्ही हे सगळं सोसताय, तेच या जागरणाने हातचं जातं. शिकागो विद्यापीठातल्या संशोधकांचा २०१० चा एक अभ्यास आहे. लहानसा, दहाच माणसांचा, पण नेमका. वजन जास्त असलेल्या दहा जणांना दोन आठवडे कमी कॅलरींवर ठेवलं, एकदा रात्री साडेआठ तास अंथरुणात आणि एकदा साडेपाच तास. वजन दोन्ही वेळा सारखंच, तीन किलोच्या आसपास उतरलं. पण पुरेशी झोप असताना त्यात १.४ किलो चरबी होती आणि कमी झोपेत फक्त ०.६. उरलेली घट मुख्यतः स्नायूंसारख्या चरबीविरहित भागाची. भूकही जास्त लागत होती. तुमचा डोळा साडेनऊला लागतो आणि पावणेतीनला उघडतो. म्हणजे तुमची गत त्यांच्या कमी झोपेच्या पंधरवड्यासारखी आहे, वर आठवड्यातले तीन दिवस दोनदा व्यायाम. जे स्नायू कमवायला पहाटे उठता, तेच रात्री खर्ची पडत असतील.

हे सगळं वाचून तुम्हाला वाटेल, मीही घरच्यांसारखं 'सोडून दे' म्हणणार. मी ते म्हणणार नाही, कारण तुमच्या पत्रात आणखी एक वाक्य होतं: 'आयुष्यात पहिल्यांदाच मी काहीतरी शेवटपर्यंत नेतेय.' त्या वाक्याची किंमत मला कळते. ३६ व्या वर्षी, दिवसभराचं काम सांभाळून, कुणी न सांगता अंधारात उठून जिमला जाणं हे कुणीही हलक्यात घेऊ नये. घरच्यांनीही घेऊ नये. पण नव्वद हा आकडा आला कुठून? कुणीतरी कागदावर लिहिला. त्या माणसाने तुमची पाळी पाहिली नव्हती, तुमची रात्र पाहिली नव्हती. साठाव्या दिवशी कार्यक्रम बदलला तर तो अर्धवट सोडला असं होत नाही. शिलाई करताना कापड आवळतंय असं दिसलं तर शिंपी टाके उसवतो. तो काम सोडून गेला, असं कुणी म्हणत नाही.

तुमच्यासमोरचे रस्ते तीन. असंच रेटून उरलेले चार आठवडे काढणं हा मला धोक्याचा वाटतो. पाळी गेलेली असताना तर मी तो रस्ता मोजतच नाही. सगळंच बंद करणं हा दुसरा. त्याने झोप येईलही, पण इतका आवळलेला दोर एकदम सोडला की माणूस आठवडाभर हाताला येईल ते खात सुटतो, मग स्वतःवर संतापतो आणि महिन्याभराने आणखी कडक डाएटवर जातो. अशी पत्रं माझ्याकडे बरीच येतात. तिसरा रस्ता संथ आहे. त्यात शिस्त लागते, फक्त वेगळी.

डॉक्टरांनी इतर काही कारण नाही असं सांगितलं, तर पुढचे दोन आठवडे वजन उतरवायचं नाही, असं ठरवा. दिवसाला १,९०० ते २,००० कॅलरींच्या आसपास या. हा ढोबळ आकडा आहे, आहारतज्ज्ञांकडून तो पक्का करून घ्या. वाढवलेल्या खाण्यातला मोठा वाटा कर्बोदकांचा असू द्या, आणि तो संध्याकाळच्या जेवणात असू द्या. सहाचा दरवाजा उघडा. झोपण्याच्या दोन-अडीच तास आधी पोटभर, पण तड लागेपर्यंत नाही, असं नीट जेवा. भूक राहिली तर झोपायच्या आधी थोडं काही. संध्याकाळचं पळणं पूर्ण बंद. सकाळचा व्यायाम सहाऐवजी चार दिवस, आणि जोर थोडा कमी. उरलेल्या दिवशी चाला, उन्हात.

काटा एक-दोन किलो वर जाईल. याने तुमचा जीव घाबरा होईल, म्हणून आधीच सांगते. स्नायूंत आणि यकृतात साखरेचा साठा परत भरताना त्याच्यासोबत पाणीही साठतं, ते हे वजन. एक किलो चरबी चढायला गरजेपेक्षा सात हजारांच्या वर कॅलरी जास्त खाव्या लागतात, तुम्ही तर गरजेपुरतंच खाणार आहात. दोन आठवडे काट्यावर उभं राहू नका, हे जमलं तर सर्वांत उत्तम. गेले दोन आठवडे तो हलत नाहीये, त्यातही दुखऱ्या, थकलेल्या स्नायूंत धरून ठेवलेल्या पाण्याचा भाग असू शकतो. चौथ्या दिवसाचं पळणं वाढवून तो हलेल असं वाटत नाही.

झोप परतू लागली, पाळी आली, की पुन्हा उतरण सुरू करता येईल. पण हलकी. १,७०० च्या आसपास खाणं, चार दिवस व्यायाम, आठवड्याला पाव-अर्धा किलो. पाळी आली नाही तर उतरण सुरूच करायची नाही, मग तो निर्णय डॉक्टरांचा.

खाणं वाढवल्यावर पहिल्याच रात्री झोप लागेल, असं मी सांगणार नाही. काहींना तीन-चार रात्रींत फरक पडतो, काहींना आठवडे लागतात. शिवाय एक गुंता मागे राहतो: पाच आठवड्यांत तुमच्या मेंदूने पलंग आणि जागरण यांची गाठ बांधली आहे. ती सोडवायची रीत जुनी आहे आणि कामाची आहे. जाग आल्यावर थोड्या वेळात परत गुंगी येत नसेल तर उठा, दुसऱ्या खोलीत मंद उजेडात बसा, काहीतरी संथ वाचा, डोळे जड झाले की परत या. घड्याळ बघू नका. पावणेतीन वाजलेत हे कळलं की मन लगेच वजाबाकी करायला घेतं, किती तास उरले, उद्या काय होणार. मोबाइल त्या खोलीबाहेर. आणि खरोखर पोटात खड्डा पडला असेल तर खा. थोडंसं, शांतपणे, अपराधी न वाटून घेता. उठण्याची वेळ रोज एकच ठेवा, पण पावणेपाच नको, सध्या सहा ठेवा आणि व्यायाम त्यानंतर करा. झोप भरून काढायला तुम्ही साडेआठलाच आडव्या व्हायला लागल्या आहात, ते थांबवा. अंथरुणातला वेळ वाढवला की झोप वाढत नाही, ती त्याच वेळावर पातळ पसरते. दहा-साडेदहाला जा.

मनगटावरचं घड्याळ रात्री काढून ठेवा. ते हालचाल आणि नाडीवरून झोपेचा अंदाज बांधतं. एकूण तासांचा अंदाज बरा असतो, पण गाढ झोप किती, स्वप्नांची किती, यात ते बरंच चुकतं. झोपेच्या गुणांची काळजी करून झोप घालवणाऱ्यांसाठी २०१७ मध्ये संशोधकांनी 'ऑर्थोसोम्निया' असा शब्दच काढला. कॅलरी, पावलं, वजन, चरबी, आणि वर झोपेचेही गुण. दिवसभर तुम्ही परीक्षेला बसता, निदान रात्री तरी नको.

गोळ्यांचं आता थोडक्यात उरलं. मेलाटोनिन शरीराला 'रात्र झाली' एवढं सांगतं. झोपेची वेळ मागेपुढे सरकलेल्यांना त्याचा उपयोग होतो, मध्यरात्री भुकेने जागं होणाऱ्याला फारसा नाही. मॅग्नेशियमचा पुरावा कमकुवत आहे. त्याने पोट बिघडू शकतं आणि मूत्रपिंडाचा त्रास असणाऱ्यांनी ते विचारल्याशिवाय घेऊच नये. झोपेच्या गोळ्या स्वतःहून नकोत. जेवण परत आलं, कॅफिन गेलं आणि तरीही पाच-सहा आठवड्यांनी पावणेतीनची जाग तशीच राहिली, तर निद्रानाशासाठीची वर्तनोपचार पद्धत शिकलेल्या मानसोपचारतज्ज्ञाकडे जा. २०१६ पासून अमेरिकेतल्या डॉक्टरांच्या मोठ्या संघटनेची मार्गदर्शक तत्त्वंही जुनाट निद्रानाशात गोळ्यांच्या आधी तीच सुचवतात.

ट्रेनरशी बोलायला तुम्हाला संकोच वाटतोय, हे जाणवलं. भांडायची गरज नाही. सरळ सांगा: 'माझी पाळी थांबली आहे आणि मी रोज पाच तास झोपते. मला महिनाभर कमी करायचंय, चार दिवसांचं वेळापत्रक बनवून द्या.' चांगला ट्रेनर हे ऐकून सावध होईल आणि तुमच्या बाजूने उभा राहील. जो यावर 'मनाची ताकद वाढव' म्हणेल, त्याच्या हाती पुढचे चार आठवडे देऊ नका. घरच्यांनाही एक काम द्या, त्यांचा 'सोडून दे'चा धोशा कमी होईल: संध्याकाळी साडेसातला तुमच्यासोबत जेवायला बसायचं.

तुमच्यासारख्याच आणखी काहींनी हे वाचलं असेल, म्हणून त्यांच्यासाठी. ज्यांना मधे जाग येत नाही पण सुरुवातीलाच डोळा लागत नाही, त्यांनी व्यायामाची वेळ बघावी. संध्याकाळचा व्यायाम सहसा झोप बिघडवत नाही, पण धाप लागेल असा जोराचा व्यायाम झोपायच्या तासभर आधीपर्यंत चालत असेल तर शरीर तापलेलं राहतं आणि झोप लांबते. पाय वळवळतात, हलवल्याशिवाय राहवत नाही, असं होत असेल तर रक्तातलं लोह, विशेषतः फेरिटिन (शरीरातल्या लोहाच्या साठ्याची खूण) तपासून घ्या. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्शुलिन घेणाऱ्यांनी डाएट आणि व्यायाम वाढवताना रात्रीची घाम फुटून येणारी जाग कधीही अंगावर काढू नये, साखर धोकादायक खाली गेलेली असू शकते. मोठ्याने घोरणाऱ्यांनी, झोपेत श्वास अडकणाऱ्यांनीही डॉक्टरांना गाठावं. आणि ज्यांची झोप चार तासांवर आलीये, तरी थकवा नाही, उलट उत्साह उतू चाललाय, विचार पळताहेत, त्यांनी हे डाएटचं यश समजू नये, मानसोपचारतज्ज्ञांना लवकर भेटावं. पूर्वी कधी खाण्याच्या आजारातून गेलेल्यांनी तर असा कडक कार्यक्रम कुणाच्या देखरेखीशिवाय सुरूच करू नये.

तुम्हाला आणखी एक विचारायचं आहे, आणि याचं उत्तर मला पाठवलंच पाहिजे असं नाही. १,९०० हा आकडा वाचताना पोटात गोळा आला का? सहानंतर जेवायच्या विचारानेच भीती वाटली, की आतून थोडं हायसं वाटलं? हायसं वाटलं असेल तर हे सगळं तुम्ही एकट्याने सहज पेलाल. भीती वाटली, आणि दोन-तीन दिवस प्रयत्न करूनही घास घशाखाली उतरत नसेल, तर डॉक्टरांकडे जाल तेव्हा पाळी आणि झोपेसोबत ही भीतीही सांगा. तेही लक्षणच आहे, आणि त्यावर उपचार आहेत.

आज संध्याकाळी पळायचा दिवस असेल तर बूट कोपऱ्यातच राहू द्या. साडेसातला जेवा, पोटभर. डॉक्टरांची वेळ उद्या सकाळी फोन करून घ्या, आणि पाळीबद्दल त्यांना पहिल्याच वाक्यात सांगा.